‘परत फिरा’ म्हणणारा हवा

आपल्या महाविद्यालयांना सध्या लीडर तयार करण्याची मोठी हौस आली आहे. ज्या संस्थेच्या माहितीपुस्तकात हा शब्द चार वेळा आलेला नाही, ती संस्था शोधून सापडायची नाही. लीडरशिप कॅम्प, लीडरशिप टॉक, लीडरशिपचं सर्टिफिकेट... आणि या सगळ्यातून पार पडलेल्या पोराला, वर डोंगरात पाऊस पडत असताना नदीच्या पात्रात उतरू नये, एवढं आपल्या सोबत्यांना ठणकावून सांगता येत नाही. कारण ते त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

मी बोलतो आहे ते नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत बाहेर, डोंगरात-रानात घेऊन जाणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलामुलींबद्दल. हा विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. पण अठरा वर्षांचं एखादं पोर घर सोडून परक्या गावात येतं, तेव्हा पहिल्या महिन्यात त्याचा हात कोण धरतो, यावर पुष्कळ काही ठरतं. कधीकधी ते पोर जिवंत घरी परततं की नाही, हेही.

इंदूरचं निमित्त अशासाठी, की माझी भाची तिथं शिकते आणि त्यामुळं वर्षातून एखादी फेरी होते. आपल्याकडे इंदूर म्हटलं की सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली, पोहे-जिलबी, होळकरांचा राजवाडा आणि २०१७ पासून गाजत असलेला स्वच्छ शहराचा पहिला नंबर, एवढंच आठवतं. या शहराच्या दक्षिणेला माळव्याचं पठार एकदम तुटतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या कड्यांवरून पाताळपाणी, तिंछा असे धबधबे खाली कोसळतात, चोरल नदी वाहते, जानापावच्या डोंगरावर चंबळेचा उगम दाखवतात, आणि घाट उतरलं की निमाड लागतो, पुढे नर्मदा. आता योग पाहा. २००९ साली सुरू झालेल्या इंदूरच्या आयआयटीचा परिसर या घाटाच्याच तोंडाशी, सिमरोलला. १९९६ची आयआयएम राऊच्या टेकडीवर. देवी अहिल्या विश्वविद्यालय खंडवा रस्त्यावर, म्हणजे त्याच घाटाच्या वाटेवर. शिवाय खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांग आहेच. देशभरातून आलेली हजारो पोरं, दर जुलै-ऑगस्टात, म्हणजे ऐन पावसात, धबधब्यांपासून मोटारसायकलच्या अंतरावर येऊन पडतात. ती तिथं जाणार नाहीत असं ज्याला वाटतं, त्यानं आपली अठरा वर्षं आठवावीत.

आता सरकारी बाजू. रॅगिंगचा रोग हाताबाहेर गेला तेव्हा राघवन समिती बसली, तिनं २००७ साली अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचलात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं कडक नियम केले. चांगलंच झालं. पण रॅगिंग हा, कितीही विकृत म्हटला तरी, जुन्यांनी नव्यांना आपल्यात घेण्याचा एक विधी होता. तो बंद केला, तर त्या जागी काहीतरी भलं यायला हवं होतं. एआयसीटीईनं २०१७ मध्ये तीन आठवड्यांचा प्रवेश-कार्यक्रम आखून दिला, आयोगानं २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ आणला. कागदावर दोन्ही उत्तम आहेत. व्यायाम, कला, वाचन, मूल्यं यांच्याबरोबर आसपासच्या परिसराला भेट, हेही त्यांत आहे. वीसेक मुलांचा गट, त्याला एक शिक्षक आणि सोबतीला वरच्या वर्गातला एक विद्यार्थी, अशी कल्पना आहे. आता हा वरच्या वर्गातला विद्यार्थी निवडायचा कसा आणि तयार करायचा कसा? इथं येऊन बहुतेक ठिकाणी गाडी रुतते.

माझ्या भाचीनं या कामासाठी अर्ज केला होता. तिच्या महाविद्यालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण हीच गोष्ट दहा ठिकाणी घडते. निवडीची पहिली फेरी म्हणजे अर्ज आणि त्याला जोडलेलं प्रशस्तिपत्रांचं भेंडोळं. दुसरी फेरी गटचर्चा, इंग्रजीत. तिसरी मुलाखत. ‘तुझी नेतृत्वशैली कोणती?’ ‘पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस?’ असले प्रश्न. पोरीनं पाठ केलेली उत्तरं दिली, निवड झाली, टी-शर्ट मिळाला. मी विचारलं, “अगो, पोहता येतं का, ते विचारलं?” तर आपल्या त्या इंदुरी मराठीत म्हणते कशी, “मामा, तैरण्याचं तर त्यांनी विचारलंच नाही.” साप चावला तर काय करायचं, विचारलं? नाही. कुणाला फिट आली तर? नाही. ज्या ठिकाणी पन्नास पोरं घेऊन जाणार, तिथून जवळचं सरकारी इस्पितळ किती लांब? तेही नाही. प्रशिक्षण म्हणून दीड तासाचं एक भाषण झालं आणि ते एका ‘मोटिव्हेशनल’ वक्त्याचं होतं!

मला राग आला तो याच ठिकाणी. या पोरीच्या हातात पन्नास घरांचे जीव द्यायचे आणि तिला शिकवायचं काय, तर स्वतःची जाहिरात कशी करायची ते.

या निवडपद्धतीत आणखी एक अन्याय दडलेला आहे. इंग्रजी गटचर्चेत कोण चमकतो? दिल्ली-मुंबईच्या शाळेतून आलेला. आणि अलीराजपूर किंवा झाबुआकडचा भिल्ल मुलगा, जो लहानपणापासून नदीच्या अंगाखांद्यावर वाढला, पाण्याचा रंग पाहून वर पाऊस झालाय की नाही हे ज्याला कळतं, रानात अंधार पडायच्या आधी कधी निघायचं याचं घड्याळ ज्याच्या अंगात आहे, तो तोंड मिटून कोपऱ्यात बसतो आणि पहिल्या फेरीत गळतो. ज्या कामासाठी ही निवड आहे त्या कामाचं ज्ञान त्याच्याकडे आहे, पण त्याच्या भाषेत त्याला कुणी विचारत नाही. गोव्याच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सत्तरीतला, सांग्यातला, काणकोणातला मुलगा पणजीच्या कार्यक्रमात असाच मागच्या खुर्चीवर बसतो. ज्या गावातल्या ओहोळाची ओळ अन् ओळ त्याला पाठ आहे, तिथं शहरातली पोरं सहलीला नेताना पुढारी म्हणून जातो तो बोलघेवडा. यात नुकसान त्या मुलाचं आहेच, पण खरं नुकसान सोबत जाणाऱ्यांचं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला ताणायचं, एका सहलीचा तर प्रश्न. बरं, मग सहलींचाच हिशेब मांडू.

जुलै २०११ मध्ये याच पाताळपाण्यावर एक कुटुंब धबधब्याच्या माथ्यावर पाण्यात अडकलं आणि काठावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत लोंढ्यात वाहून गेलं. ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी, लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. यातल्या शेवटच्या दोन ठिकाणी मुलं एकटी गेली नव्हती, ती सहल होती. पाण्यात उतरण्याआधी ‘थांबा’ म्हणणारा आणि ज्याचं सगळ्यांनी ऐकलं असतं असा माणूस तिथं असता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या ३८ घरांतून अजून विचारला जात असेल.

आणि अशा प्रत्येक घटनेनंतर आपण काय करतो? बंदी. परिपत्रक निघतं, सहली बंद, सह्या घेतल्या जातात, पालकांकडून हमीपत्रं लिहून घेतली जातात. आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्यानं धबधब्यांवर जायला बंदी केली. त्याच महिन्यात रुळांवरून चालत दूधसागरला निघालेल्या तरुणांच्या घोळक्याला रेल्वे पोलिसांनी अडवून उठाबशा काढायला लावल्या. ते दृश्य घरोघर मोबाइलवर हसत पाहिलं गेलं. मला हसू आलं नाही. रुळांवरून चालणं चूकच, त्याबद्दल वाद नाही. पण वीस-बावीस वर्षांच्या एवढ्या पोरांपैकी एकालाही ‘या वाटेनं जायचं नाही, मागे वळा’ असं म्हणता आलं नाही, याची लाज त्या पोरांपेक्षा त्यांना पंधरा-सोळा वर्षं शिकवणाऱ्या आपल्या शाळा-महाविद्यालयांना वाटायला हवी. उठाबशा काढायच्याच असतील तर त्या कुणी काढायच्या, हाही विचार व्हावा.

बंदीनं एक गोष्ट मात्र नक्की होते. संस्था मोकळी होते. सहल बंद झाली की पोरं जायची थांबत नाहीत, ती रविवारी दोन-दोन, तीन-तीन जण एकेका मोटारसायकलवर बसून जातात. फरक एवढाच, की आता काही झालं तर ती ‘त्यांची वैयक्तिक जबाबदारी’. म्हणजे बंदीनं वाचते ती संस्थेची कातडी. आणि मुली? त्यांना तर दुहेरी बंदी. वसतिगृहाची एक आणि घरची एक. रीतसर, विश्वासाच्या सहलीखेरीज त्यांना डोंगर बघायला मिळणारच नाही.

जिथून ही लीडरशिपची भाषा आपण उसनी आणली, तिथं हे काम कसं सुरू झालं, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १९३५ पासून नव्या विद्यार्थ्यांना वर्ग सुरू होण्याआधी डोंगरात नेतात आणि नेणारे विद्यार्थीच असतात. ब्रिटनमध्ये १९४१ साली, महायुद्धात, वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथं ‘आउटवर्ड बाउंड’ नावाची शाळा निघाली. तिचं कारण ऐकण्यासारखं आहे. बोटी बुडत होत्या आणि जीवरक्षक होड्यांत अनुभवी म्हातारे खलाशी तग धरत, तरणीबांड पोरं मात्र हाय खाऊन मरत, असं एका जहाजकंपनीच्या मालकाचं निरीक्षण होतं. त्या पोरांना टिकून राहायला आणि टिकवून ठेवायला शिकवावं, म्हणून ती शाळा. म्हणजे हा उद्योग सुरू झाला तो जीव वाचवण्यासाठी. आपण त्यातला जीव वगळला आणि सर्टिफिकेट ठेवलं.

बरं, परदेशच कशाला? आपल्याकडे दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ची, उत्तरकाशीची १९६५ची. तिथले महिनाभराचे प्राथमिक वर्ग करून आलेली मुलं मराठी मुलखात काही कमी नाहीत. सह्याद्रीत वर्षानुवर्षं मोहिमा काढणारे गट आहेत, त्यांचा साधा नियम असतो, एक जाणता पुढे आणि एक जाणता सगळ्यांच्या मागे. मागच्याच्या मागे कुणी उरता कामा नये. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरणही काढलं. आयआयएम इंदूरनं आपल्या विद्यार्थ्यांना हिमालयात नेण्याचा उपक्रम केला, खेड्यांत राहायला पाठवलं. तेव्हा आपल्याकडे कुणाला काही सुचतच नाही, असं मुळीच नाही. हे सगळं पदव्युत्तरांपुरतं, छांदिष्टांपुरतं आणि ऐपतवाल्यांपुरतं राहिलं, माझी तक्रार ती आहे.

‘आमच्याकडे एनएसएस आहे की,’ असं उत्तर प्राचार्य मंडळी देतात. असू दे ना! राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, सात दिवसांचं शिबिर असतं. ‘मी नव्हे, तुम्ही’ हे तिचं ब्रीद. मला जो विद्यार्थी हवा आहे त्याची व्याख्या या ब्रीदात बसली आहे. मग त्या २४० तासांतले चाळीस तास प्रथमोपचार, पोहणं, नकाशा वाचणं आणि पाण्यातून माणूस काढणं यांना द्यायला कुणाचा हात कोणी धरला आहे? झाडू हातात घेऊन फोटो काढून झाले की तास भरले, असं तरी नको.

‘विद्यार्थी नेता’ हा शब्दही आपण फुकट घालवला. गोव्यात १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळवली, ती आंदोलन करून. तेव्हाचे विद्यार्थी नेते दुसऱ्याच्या तिकिटासाठी लाठ्या खायला तयार होते. आज हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो फलकावर हात जोडून उभा असलेला भावी आमदार. आणि दुसऱ्या टोकाला हा नवा, नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढवणारा लीडर. दोघांचाही मागच्या माणसाशी संबंध नाही.

आपल्या संस्कृतीला हे मागे राहून सांभाळणं नवं नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. पौषात आपल्या गावांतून धालो होतात. बायका समोरासमोर दोन रांगा धरून मांडावर उभ्या राहतात, नव्या लग्न झालेल्या पोरी असतात, म्हाताऱ्या असतात. तो मांड सांभाळते ती मांडगुरीण. तिला कुणी मुलाखत घेऊन नेमलेलं नसतं. तिला मांडाची रीत ठाऊक असते आणि कोण चुकतंय, कोण थकलंय, इकडे तिचा डोळा असतो. रांग तुटू द्यायची नाही, हे तिचं काम.

आणि इंदूरच्या विश्वविद्यालयानं १९८८ साली नाव घेतलं ते कुणाचं? अहिल्याबाईंचं. २०२५ मध्ये त्यांची त्रिशताब्दी झाली, मोठमोठी भाषणं झाली. पण बाईंनी उभं आयुष्य केलं काय, ते बघा. घाट बांधले, विहिरी खणल्या, धर्मशाळा उभारल्या, आणि त्या फक्त स्वतःच्या राज्यात नव्हे, काशी-गयेपासून देशभर. म्हणजे परक्या मुलखात निघालेल्या अनोळखी माणसाला वाटेत पाणी मिळावं, पाय घसरू नये, रात्री डोक्यावर छप्पर असावं, याची तजवीज. ज्या विद्यापीठाच्या पाटीवर हे नाव आहे, त्याच्या शहरात पहिल्या वर्षाच्या पोरानं कुणाच्या भरवशावर घाट उतरावा, हा प्रश्न पडू नये?

नुसती टीका करून थांबणं सोपं आहे, म्हणून काय हवं तेही सांगतो. निवड बोलण्यावर नको, करण्यावर हवी. उमेदवारांना दोन दिवस डोंगरात न्या आणि दमलेल्याची पिशवी कोण उचलतो ते पाहा. भाषा ज्याची त्याला, हिंदी, मराठी, भिली, कोंकणी, काहीही. पोहणं आणि प्रथमोपचार आल्याशिवाय टी-शर्ट देऊ नका. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही, माणसाला हलू न देता इस्पितळात न्यायचं, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली, आवाज बदलला, की आकाश निरभ्र असलं तरी पात्र सोडायचं, हे त्यानं पाहिलेलं असलं पाहिजे. ज्या जागी न्यायचं तिथं आधी एकदा गावातल्या माणसाबरोबर जाऊन आलेलं असलं पाहिजे, आणि त्या गावकऱ्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. निघताना, थांबताना, परतताना डोकी मोजायची. आणि या कामाचा मोबदला, नाहीतर निदान गुण, त्याला मिळाले पाहिजेत. आपण फुकटात फक्त हौस मागू शकतो, जबाबदारी नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, त्याला एक अधिकार हवा. ‘परत फिरा’ म्हणण्याचा. बस ठरली आहे, जेवण सांगितलं आहे, प्राचार्यांचा फोटो काढायचा आहे, पोरं आरडाओरडा करताहेत, आणि तरीही त्या विसाव्या वर्षाच्या मुलीनं ‘आज खाली उतरायचं नाही’ म्हटलं, तर शिक्षकांसकट सगळ्यांनी मागे वळायचं. तिला त्याबद्दल कुणी जाब विचारायचा नाही, टोमणा मारायचा नाही. हा अधिकार लेखी द्या. तो देण्याची तयारी नसेल तर लीडर हा शब्द माहितीपुस्तकातून काढून टाका आणि सरळ ‘बसमध्ये हजेरी घेणारा’ म्हणा. तेही काम वाईट नाही.

खर्चाचं म्हणाल, तर एका दीक्षांत समारंभाच्या मांडवाला आणि पाहुण्यांच्या शालींना जे लागतं, त्यात पन्नास मुलांचं प्रशिक्षण बसेल असा माझा आपला अंदाज आहे. कुणा प्राचार्यांना तो खोटा ठरवायचा असेल तर त्यांनी हिशेब मांडावा, मी वाचायला तयार आहे.

जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील. गोव्यातली कितीतरी भुरगीं बाहेर शिकायला जातील, काही इंदूरलाही. आईबापांनी वसतिगृहात जेवण कसं आहे हे विचारावंच, नोकऱ्या किती लागतात तेही विचारावं. पण त्या कार्यालयात बसल्या बसल्या आणखी एक प्रश्न विचारावा. पहिल्या सहलीला आमच्या पोराला कोण नेणार आहे, आणि त्याला पोहता येतं का? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नये.